धूर की धुके? संगणकातील घुसखोरी ओळखताना



गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी चर्च ऑफिसात आलो, तर फोन वाजतच होता. "फादर, तुम्ही बरे आहात ना?" हा पहिला प्रश्न. पाच मिनिटांत दुसरा फोन, लगेच तिसरा. आदल्या रात्री आपल्या ऑफिसच्या ई-मेल खात्यावरून दीड-दोनशे लोकांना माझ्या नावाने पत्र गेले होते. मी तातडीच्या अडचणीत आहे, सभेत असल्यामुळे फोन घेता येत नाही, सोबतच्या क्रमांकावर साडेनऊ हजार रुपये पाठवावेत, सोमवारी परत करीन, असा त्याचा मजकूर होता. ते पत्र मी लिहिलेले नव्हते.

बहुतेकांना शंका आली आणि त्यांनी फोन केला, हे आपल्या लोकांचे शहाणपण. पण एका आजींनी नातवाला सांगून पैसे पाठवले. ही गोष्ट मला तब्बल सोळा दिवसांनी कळली, तीही नातवाच्या तोंडून सहज निघाली म्हणून. मी त्यांच्या घरी गेलो आणि विचारले, "आजी, आधी का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "फादर, तुम्हाला पैशांचा तगादा लावल्यासारखं झालं असतं." आम्ही तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत फिरून निघून गेले होते. माझ्याजवळचे पैसे मी देऊ केले, तर त्यांनी ते घेतले नाहीत. उलट मला एक प्रश्न विचारला, "पैशांचं राहू द्या फादर, पण उद्या तुम्हाला खरंच अडचण आली, तर मी ओळखायचं कसं?"

हा प्रश्न घेऊन मी परतलो. चोरट्याने साडेनऊ हजार नेले खरे. पण त्याहून मोठी वस्तू नेली ती म्हणजे एकमेकांच्या शब्दावर असलेला आपला भरवसा. म्हणून आजच्या पाठात आपण हाच विषय घेऊ. आपल्या संगणकात, फोनमध्ये किंवा खात्यात कोणी शिरले आहे हे ओळखायचे कसे, आणि तसा संशय आला तर कोणत्या क्रमाने काय करायचे?

१. माझी चूक आधी सांगतो

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा हिशेब मांडणे बरे. ऑफिसच्या खात्याचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, मीच ठरवला होता. आपल्या चर्चच्या आश्रयदात्या संताचे नाव आणि चर्चच्या स्थापनेचे वर्ष, बस्स! संताचे नाव कमानीवर कोरलेले आहे आणि वर्ष दर्शनी भिंतीवर. शिवाय तोच पासवर्ड मी आणखी दोन-तीन ठिकाणी वापरत होतो.

दुसरी चूक अशी. त्या शनिवारच्या आधीचे चार दिवस ऑफिसच्या ई-मेलवर एकाही पत्राचे उत्तर येत नव्हते. एरवी स्नानसंस्काराच्या दाखल्यांसाठी रोज चार-पाच पत्रे येतात. मी म्हणालो, "नेट स्लो असेल." पुढे कळले की घुसखोराने खात्यात एक नियम बसवून ठेवला होता. आलेले प्रत्येक उत्तर परस्पर कचऱ्याच्या पेटीत जावे असा तो नियम. लोकांनी "फादर, हे खरे आहे का?" असे लिहून विचारले तरी ते मला दिसू नये, ही त्यामागची युक्ती. खूण समोर होती, मला ती वाचता आली नाही.

२. घुसखोर कोणत्या दाराने येतो?

'हॅक झाले' हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण घरात चोर शिरला तर कौल काढून शिरला, किल्ली चोरून शिरला की आपणच दार उघडून दिले, हे आपण पाहतोच ना? येथेही तीन मुख्य दारे आहेत.

पहिले दार चोरलेल्या किल्लीचे. आपण एका ठिकाणी वापरलेला पासवर्ड तेथून फुटतो आणि चोर तो इतर सर्व ठिकाणी लावून पाहतो. जून २०१२ मध्ये 'लिंक्डइन' या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावरून चोरीला गेलेले सुमारे ६५ लाख पासवर्ड सांकेतिक रूपात उघड झाले. मे २०१६ मध्ये समजले की प्रत्यक्षात ही संख्या ११ कोटींहून अधिक होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जून २०१६ मध्ये, फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर व पिंटरेस्टवरील खाती काही काळ दुसऱ्यांच्या हाती गेली. लिंक्डइनमधून फुटलेला त्यांचा पासवर्डच आपण वापरला, असा हल्लेखोरांचा दावा होता. एवढ्या जाणकार माणसाचे जिथे असे झाले, तिथे तुमची-माझी काय कथा!

दुसरे दार आपणच उघडतो ते. बँकेच्या, वीज मंडळाच्या, कुरियरच्या किंवा पोलिसांच्या नावाने फोन येतो. पलीकडचा माणूस सहा आकडी कोड विचारतो, एखादे अॅप उतरवायला सांगतो किंवा एका दुव्यावर बोट दाबायला लावतो. अलीकडे लग्नाची पत्रिका किंवा बँकेचे पत्र म्हणून व्हॉट्सअॅपवर 'एपीके' नावाची फाइल येते. पत्रिका ही चित्र किंवा कागद असते. ती कधी अॅप म्हणून बसवावी लागत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तिसरे दार म्हणजे मोडकी खिडकी, अर्थात जुनी, दुरुस्त न केलेली प्रणाली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने दीडशेहून अधिक देशांतील लाखो संगणक कुलूपबंद केले आणि फायली परत देण्यासाठी खंडणी मागितली. इंग्लंडमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. वाईट वाटते ते याचे की, ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जवळजवळ दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले. आपल्या अनेक घरांत अजून 'विंडोज १०' चालते. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. असा संगणक असेल तर पुढे काय करायचे, हे जाणकाराकडून विचारून घ्या.

३. धूर आणि धुके

सेमिनरीत आम्हाला भारतीय तर्कशास्त्र शिकवताना न्यायदर्शनातील एक प्रसिद्ध उदाहरण देत. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तेथे आग आहे. आग डोळ्यांना दिसत नसली तरी धुरावरून ती कळते. पण गुरुजी पुढे बजावत, "आधी खात्री करा की तो धूरच आहे. दुरून धुकेही धुरासारखे दिसते." घुसखोरी ओळखताना हा धडा फार उपयोगी पडतो. घुसखोर आपल्याला दिसत नाही, खुणा दिसतात. त्यातील काही खुणा धूर असतात, काही नुसते धुके.

पुढील खुणा धूर समजाव्यात व त्याच दिवशी हालचाल करावी:

• आपण न पाठवलेली पत्रे किंवा संदेश आपल्या नावाने इतरांना मिळणे.

• बरोबर पासवर्ड टाकूनही खाते न उघडणे, किंवा खात्याशी जोडलेला फोन नंबर बदललेला असणे.

• खाते उघडल्याची नोंद अनोळखी गावातून किंवा अनोळखी फोनवरून असणे.

• आपण काही मागितले नसताना ओटीपी येणे. एखादा आला तर कोणाचा तरी नंबर चुकला असेल. पण लागोपाठ आले, तर कोणीतरी दाराची कडी हलवून पाहत आहे असे समजा. ओटीपी आला म्हणजे घुसखोर आत आला असे नव्हे. तो कोणालाही न सांगणे हे आपल्या हातात आहे.

• शेजाऱ्याच्या फोनला रेंज आहे आणि आपल्या फोनची रेंज एकाएकी गेली, तासन् तास आली नाही. आपल्याच नंबरचे दुसरे सिमकार्ड कोणी काढले असण्याची शक्यता असते.

• आपण हात न लावता पडद्यावर बाण फिरणे, किंवा आपण न बसवलेले दूरनियंत्रणाचे अॅप सापडणे.

आता धुके पाहू. संगणक सावकाश चालणे, फोन गरम होणे, बॅटरी लवकर उतरणे ही बहुधा वयाची लक्षणे असतात, माणसासारखीच! फेसबुकवर आपल्या नावाचे आणि फोटोचे दुसरेच खाते कोणी उघडले, तर तेही आपल्या खात्यात शिरणे नव्हे. तो आपला मुखवटा घालून फिरणारा माणूस असतो. त्याची तक्रार जरूर करावी आणि ओळखीच्यांना सावध करावे. पण पासवर्ड फुटलाच असे मानू नये.

काही धुके मात्र मुद्दाम पसरवलेले असते. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येते, भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा!" ही सूचना हाच सापळा आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या धोक्याच्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तसेच २०१८ पासून एक घाणेरडे पत्र जगभर फिरत आहे. "मी तुमच्या कॅमेऱ्यातून तुमचे चित्रण केले आहे, पैसे द्या नाहीतर सगळ्यांना दाखवीन," असे त्यात लिहिलेले असते आणि पुराव्यादाखल आपला खरा, जुना पासवर्डही दिलेला असतो. तो पाहून भल्याभल्यांचे हातपाय गळतात. पण तो पासवर्ड लिंक्डइनसारख्या एखाद्या जुन्या फुटीतून उचललेला असतो. त्यावरून चित्रण आहे असे सिद्ध होत नाही. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका. तो पासवर्ड अजून कोठे चालू असेल तर तेवढा बदला.

आपला ई-मेल पत्ता अशा एखाद्या फुटीत सापडला आहे का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ते २०१३ साली सुरू केले. तेथे फक्त ई-मेल पत्ता द्यायचा असतो.

४. एका अक्षराची किंमत

आता एक खरी घडलेली गोष्ट. २०१६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना १९ मार्च रोजी गूगलच्या नावाने एक पत्र आले. कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरून युक्रेनमधून खाते उघडण्याचा प्रयत्न केला, आम्ही तो रोखला, आता लगेच पासवर्ड बदला, असे त्यात लिहून खाली बटण दिले होते. कार्यालयातील मंडळींना शंका आली आणि त्यांनी संगणक विभागाला विचारले. येथपर्यंत सगळे शहाणपणाचे.

संगणक विभागातील तरुणाने उत्तर लिहिले की हे पत्र 'लेजिटिमेट' म्हणजे खरे आहे, पासवर्ड ताबडतोब बदलावा. पुढे त्याने सांगितले की त्याला 'इलेजिटिमेट' म्हणजे खोटे असे लिहायचे होते. एका 'इ'ची चूक! तरीही त्याने त्याच उत्तरात गूगलचा खरा दुवा दिला होता आणि खात्याला दुहेरी कुलूप लावायलाही सांगितले होते. परंतु बोट दाबले गेले ते मूळ पत्रातील बटणावर. पन्नास हजारांहून अधिक पत्रे चोरीला गेली आणि ऑक्टोबरपासून, म्हणजे मतदानाच्या तोंडावर, ती जगापुढे येऊ लागली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने या व अशा हल्ल्यांबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातील १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले.

बंधुभगिनींनो, यातून काय शिकायचे? शंका घेतली होती. जाणकाराला विचारले होते. पासवर्ड बदलणे हे कामही योग्यच होते. चूक एकच झाली. धोक्याची वर्दी देणाऱ्यानेच दाखवलेल्या दाराने ते आत गेले. म्हणून एक नियम पाठ करून ठेवा: वर्दी कोणीही देवो, दार आपण आपले निवडायचे. बँकेचा संदेश आला तर त्यातील नंबरवर फोन न करता पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर करायचा. गूगलचे पत्र आले तर त्यातील बटण न दाबता स्वतः गूगलचे पान उघडून पाहायचे. संदेश खरा असेल तर तेथेही तो दिसेल, आणि खोटा असेल तर आपण वाचलो.

५. संशय आला, आता क्रम

घाबरलेला माणूस एकाच वेळी दहा कामे करू पाहतो. म्हणून क्रम लिहून देतो. हवा तर कापून कपाटाच्या दाराला चिकटवा.

पहिले: संशयित संगणकावर किंवा फोनवर कोणताही पासवर्ड टाकू नका. त्याचे नेट बंद करा, वायफाय तोडा. पुढची कामे घरातील दुसऱ्या, भरवशाच्या फोनवरून करा. चोर खोलीत लपलेला असताना त्याच्यादेखत नवी किल्ली घडवायची नसते.

दुसरे: बँकेचा संबंध असेल तर आधी बँक. त्याविषयी पुढे सांगतो.

तिसरे: ई-मेल खाते. बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून बदलता येतात ते ई-मेलवरूनच. म्हणजे ई-मेल ही किल्ल्यांचा जुडगा ठेवलेली खुंटी आहे. नवा, लांब, इतर कोठेही न वापरलेला पासवर्ड द्या. नंतर 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा. खात्याशी जोडलेला फोन नंबर व पर्यायी ई-मेल आपलाच आहे ना, ते पाहा. मग माझ्याकडून जे राहिले होते ते करा: पत्रे परस्पर दुसरीकडे पाठवणारा किंवा कचऱ्यात टाकणारा नियम कोणी बसवला आहे का, तो शोधून काढा. नुसता पासवर्ड बदलला आणि हा नियम तसाच राहिला, तर चोर बाहेर जाऊनही आपली पत्रे वाचतच राहतो. जीमेल असेल तर संगणकावर पानाच्या अगदी तळाशी खाते शेवटचे केव्हा वापरले गेले याची नोंद असते, तीही तपासा.

चौथे: दुहेरी कुलूप लावा. पासवर्डबरोबर दुसरा कोड मागणारी ही सोय जीमेल, फेसबुक, व्हॉट्सअॅप या सर्वांत आहे. आपल्या ऑफिसच्या खात्याला ती असती, तर माझा तो भिंतीवर लिहिलेला पासवर्ड मिळूनही चोराला सहज आत येता आले नसते.

पाचवे: तोच पासवर्ड जेथे जेथे असेल तेथे बदला. इतके पासवर्ड लक्षात राहत नाहीत, हे मान्य. मग घरी वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. दूर देशीचा चोर तुमचे कपाट उघडू शकत नाही.

सहावे: व्हॉट्सअॅप गेले असेल तर आपल्याच फोनवर आपला नंबर घालून पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला की तिकडचा माणूस आपोआप बाहेर फेकला जातो. त्याने आपला पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावे लागते. पण त्या काळात तोही आत नसतो. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक जोडलेला दिसला तर काढून टाका. कोणी फोनवर सांगितले म्हणून चांदणी-चौकटीचा एखादा नंबर तुम्ही फिरवला असेल, तर तुमचे फोन दुसरीकडे वळवले गेले असतील. ##००२# फिरवल्यास अशी वळणे रद्द होतात.

सातवे: ओळखीच्यांना लगेच कळवा. शक्य तर फोन करून सांगा, "माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका."

आठवे: पुरावा पुसू नका. लाज वाटते म्हणून आपण संदेश डिलीट करतो. तसे न करता पडद्याचे फोटो, फोन नंबर, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.

शेवटी संगणकाची सफाई. सर्व अपडेट बसवा आणि अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा. कोणाला एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारख्या अॅपने आत घेतले असेल, तर फोटो व कागदपत्रे बाजूला काढून जाणकाराकडून विंडोज नव्याने बसवून घेणे उत्तम. ही अॅप मुळात वाईट नाहीत, कार्यालयांत ती रोज वापरतात. पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती कधीही उतरवू नयेत.

६. पैसे गेले असतील तर

१९३० हा आकडा लहान मुलांनाही पाठ करायला लावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत येथून वर्दी जाते आणि रक्कम अजून तेथे असेल तर ती गोठवली जाऊ शकते. चोर मात्र ती भाड्याने घेतलेल्या खात्यांतून भराभर पुढे ढकलत असतो. म्हणून पहिल्या काही तासांचे मोल फार. सोळा दिवसांनी गेलेल्या आमच्या तक्रारीचे काय झाले ते तुम्ही वाचलेच. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करता येते. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग बंद करून घ्या आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

आपल्याला काही हक्कही आहेत. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक काढले. त्यानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान त्याच्या माथी येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ठराविक मर्यादेपर्यंतच येते. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे; पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर सांगण्यात फायदाच आहे. आपल्या बँकेत आज लागू असलेला नियम विचारून लिहून ठेवा.

दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे किंवा संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सी व ६६-डी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हेगार तो आहे, आपण नव्हे.

७. लाज कोणाची?

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले. त्या आजी सोळा दिवस गप्प राहिल्या त्या संकोचापायी. आपल्याकडे किती घरांत असे घडते! नवरा आखातात किंवा बोटीवर, पैसे गेले ते बायको सांगत नाही. वडील मुलाला सांगत नाहीत, कारण मुलगा म्हणेल, "पप्पा, तुम्हाला किती वेळा सांगितलं!" कॉलेजातली मुलगी आईला सांगत नाही, कारण आई फोनच काढून घेईल. आणि चोराला नेमके हेच हवे असते. आपली चुप्पी हा त्याचा सर्वांत मोठा साथीदार.

घराघरांत एवढे ठरवा की, फसलेला माणूस बोलू लागला की पहिले वाक्य रागाचे नसेल. "बरं झालं सांगितलंस, चल, १९३० लावू," असे असेल. रागवायचेच असेल तर नंतर वेळ आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाची जी आठ अंगे सांगितली, त्यांत सावधगिरी आहे, तशीच दुसऱ्याकडून शिकण्याची तयारीही आहे. साठीतल्या आजोबांनी नातीकडून दुहेरी कुलूप लावायला शिकणे यात कमीपणा नाही. तो विवेकच आहे.

आता आजींच्या प्रश्नाचे उत्तर. ते त्यांना मी घरी जाऊन दिले, तुम्हा सर्वांना येथे देतो. मी किंवा आपल्या चर्चमधील कोणीही धर्मगुरू ई-मेलने, व्हॉट्सअॅपवर वा फोनवर तुमच्याकडे स्वतःसाठी पैसे मागणार नाही. हल्ली यंत्राने माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते, तेव्हा माझा आवाज ऐकू आला तरी तेवढ्यावर विसंबू नका. फोन ठेवा आणि ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर उलट फोन करा, किंवा सरळ दारात या. मला त्याचा राग येणार नाही, उलट बरेच वाटेल. मला विचारून खात्री करणे म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. आपल्यातला विश्वास चोराच्या हाती लागू नये म्हणून घातलेले ते कुंपण आहे.

आजींनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तुम्हाला फोन करून विचारलं तर चालेल?" मी म्हणालो, "आजी, चालेल नाही, विचारायचंच!"

कुटुंबात व छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरातील किती खात्यांना एकच पासवर्ड आहे? त्यातला ई-मेलचा पासवर्ड या आठवड्यात कोण बदलणार?

२. आपल्या घरातील कोणावर फसवणुकीचा प्रसंग आला, तर ती व्यक्ती सर्वांत आधी कोणाला सांगेल? सांगायला तिला भीती वाटेल का? का?

३. परदेशी असलेल्या आपल्या माणसाने तातडीने पैसे मागितले, तर ते तोच मागतो आहे हे ओळखण्यासाठी घरात एखादा खुणेचा शब्द ठरवता येईल का? तो कोणता, हे मात्र समूहात सांगू नका!

४. आपल्या वाडीत एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत? त्यांच्या फोनला दुहेरी कुलूप लावून देण्याचे व १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून देण्याचे काम कोणते तरुण करतील? नावे ऑफिसात द्यावीत.